घरातील वस्तूंवरून राष्ट्र कसे वाचावे : चीनची देशी मालाची चळवळ आणि कोकणातील घरे

कोकणातील कोणत्याही एस.टी. स्थानकाबाहेर संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात आणि कढईत भात परतताना गाडीवाला चिमूटभर पांढरी पूड टाकतो. तिला आपल्याकडे सगळे ‘अजिनोमोटो’ म्हणतात. हे नाव चिनी नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली ही चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी ती पूड या नावाने जपानमध्ये विक्रीस आली. चीनमध्ये जपानी मालावर बहिष्काराच्या लाटा उसळत होत्या, त्या काळात वू युनछू या चिनी रसायनतज्ज्ञाने तशीच पूड गव्हापासून तयार केली आणि 1923 साली शांघायमध्ये तिचा कारखाना काढला. त्या शहरात जपानी पुडी घ्यावी की देशी, हा प्रश्न तेव्हा केवळ चवीचा किंवा किमतीचा राहिला नव्हता. गिऱ्हाइकाची देशनिष्ठा त्यावरून जोखली जात होती. ज्या नावाविरुद्ध चिनी ग्राहकाला उभे केले गेले, तेच नाव आज आपल्या बाजारपेठेत ‘चिनी चवी’चे नाव होऊन बसले आहे.

अशा एखाद्या वस्तूचा धागा धरून मागे कसे जावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. वाचनालयांची अभ्यासमंडळे, शाळांचे इतिहास-प्रकल्प किंवा गावाचा इतिहास लिहू इच्छिणारे निवृत्त शिक्षक यांना तो डोळ्यांपुढे ठेवून काम करता येईल. मालवण तालुक्यातील आमच्या लहानशा वाचनालयात आम्ही हे काम दोन हंगाम केले आणि पहिल्या हंगामात बऱ्याच चुका केल्या. सर्वांत मोठी चूक ही, की ‘राष्ट्र आधी होते, मग त्याने आपला माल निवडला’ असे गृहीत धरून आम्ही वस्तू गोळा करीत सुटलो. चीनचा इतिहास नीट वाचल्यावर ध्यानात आले की क्रम बहुतांशी उलटा आहे. ‘हा माल कोणाचा?’ असे विचारण्याची सवय दुकानात, स्वयंपाकघरात आणि शाळेत लागत गेली आणि त्या सवयीतूनच ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर कोट्यवधी लोकांच्या मनात आकाराला आले.

आधी काळाची पट्टी तयार करावी

वस्तूंना हात लावण्यापूर्वी भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी लावावी. तिच्या वरच्या बाजूस चीन आणि खालच्या बाजूस आपला मुलूख ठेवावा. वरच्या बाजूची सुरुवात 1842 च्या नानचिंगच्या तहापासून करावी. अफूच्या युद्धात हरल्यावर चीनला बंदरे खुली करावी लागली आणि आयात मालावरील जकात स्वतःच्या मर्जीने वाढवण्याचा अधिकार गमवावा लागला. ती साधारण शेकडा 5 वर बांधली गेली. सागरी जकातीच्या खात्याचा कारभारही पुढे परदेशी अधिकाऱ्यांच्या हाती गेला. रॉबर्ट हार्ट या एकाच माणसाने तो जवळजवळ अर्धे शतक सांभाळला. आपल्या उद्योगांना आडोसा द्यायचा तर सरकारे आयात मालावर जकात चढवतात. चीनला 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते शक्य नव्हते. जे काम सरकारच्या जकातीने व्हायचे, ते व्यापारी, विद्यार्थी आणि गृहिणी यांच्या निश्चयाने करून घेण्याचा प्रयत्न झाला, याचे मूळ कारण हे आहे. ही गोष्ट मंडळाच्या पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावी, नाहीतर पुढील सर्व घटना नुसत्या भावनेच्या उद्रेकासारख्या दिसू लागतात.

त्यानंतर 1905 या वर्षावर थांबावे आणि तिथे पुरेसा वेळ द्यावा. अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेश नाकारणारे कायदे चालू ठेवले म्हणून त्या वर्षीच्या जुलै महिन्यात शांघायच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला आणि तो अनेक बंदरांत पसरला. त्याच वर्षी 7 ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये वंगभंगाविरुद्ध ब्रिटिश मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला आणि ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द महाराष्ट्रात घरोघर पोहोचवले. या दोन चळवळींनी एकमेकींची नक्कल केली, असे पट्टीवर लिहू नये. दोन्हीकडे अडचण सारखी होती, म्हणजे जकातीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. हिंदुस्थानात तर 1896 पासून देशी गिरण्यांच्या कापडावरच शेकडा साडेतीन कर बसवलेला होता.

पुढच्या तारखा भराभर लिहून काढाव्यात. 1915 साली जपानने चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या. 9 मे रोजी चीन सरकारला त्यांतील बहुतेक मान्य कराव्या लागल्या आणि तो दिवस ‘राष्ट्रीय अपमानाचा दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. 1919 साली पॅरिसच्या शांतता परिषदेत शांतुंगमधील जर्मन हक्क जपानला देण्याचे ठरल्याचे कळताच 4 मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. 1925 च्या 30 मे रोजी शांघायच्या परकीय वसाहतीतील पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. सप्टेंबर 1931 मध्ये जपानने मांचुरियात हात घातला. या प्रत्येक प्रसंगानंतर बहिष्काराची नवी लाट आली.

वस्तू एकच निवडावी आणि तिला चार प्रश्न विचारावेत

हा या पद्धतीचा गाभा आहे. देशी माल म्हणजे नेमके काय, याचा निकाल चिनी चळवळीला सहजासहजी लागला नाही. शेवटी 1928 साली नानचिंगच्या राष्ट्रवादी सरकारने मालाची प्रतवारी करणारे निकष जाहीर केले. भांडवल कोणाचे, व्यवस्थापन कोणाचे, कच्चा माल कुठला आणि श्रम कोणाचे, हे चार मुद्दे पाहून वस्तू किती ‘देशी’ आहे ते ठरवायचे होते. म्हणजे वस्तू एकतर देशी किंवा परदेशी, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी पायऱ्या मानल्या. आपणही हेच चार प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येकासाठी एक रकाना आखावा.

आमच्या मंडळाने मंगळुरी कौल निवडले. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनाही मी तेच सुचवेन, कारण ते प्रत्येक गावात मिळते आणि पुष्कळदा त्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठावाने छापलेले असते. पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी होते तेव्हा उतरवलेली फुटकी कौले मागून घ्यावीत, पाण्याने धुवावीत, आणि अक्षरे पुसट असतील तर त्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा उतरवावा. हे नाव म्हणजे तुमचा पहिला दस्तऐवज होय.

आता चार प्रश्न. मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना 1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने काढला. तेव्हा भांडवल परदेशी आणि व्यवस्थापनही परदेशी. माती मात्र नदीकाठची, तिथलीच, आणि कामगार तिथलेच. पुढे त्याच गावात देशी मालकांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी पहिले दोन रकाने बदलले. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता शत्रुराष्ट्राशी संबंधित म्हणून ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा मालकीचा रकाना पुन्हा बदलला. मात्र कौल होते तसेच राहिले. ते गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरले, गवताच्या आणि झावळ्यांच्या छपरांवर त्याने मात केली आणि आज ‘अस्सल कोकणी घर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल कौलांचेच घर येते. ही कौले देशी की विलायती, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देण्याचा मोह टाळावा. चार रकाने भरून दाखवावेत आणि प्रत्येक रकान्यात वर्ष लिहावे.

कौल हातावेगळे झाले की चिनी उदाहरण त्याच्या शेजारी मांडावे. वू युनछूच्या पुडीचे भांडवल, व्यवस्थापन आणि मजुरी चिनी होती, परंतु ती बनवण्यासाठी लागणारे हायड्रोक्लोरिक आम्ल सुरुवातीला जपानहून आणावे लागे. बहिष्काराच्या काळात ही मोठीच अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून त्याने 1929 साली आम्लाचा स्वतंत्र कारखाना उभारण्याचे काम हाती घेतले. देशीपणाचा आग्रह एका पुडीपासून एका मूलभूत रसायन उद्योगापर्यंत कसा पोहोचला, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. याच्या उलट प्रसंग सिगारेटच्या धंद्यातला आहे. नानयांग ब्रदर्स ही चिनी कंपनी बलाढ्य ब्रिटिश-अमेरिकन कंपनीशी ‘देशी सिगारेट’ म्हणून झुंजत होती. 1919 साली तिच्या प्रमुखाने पूर्वी जपानी नागरिकत्व घेतले होते हे उघड झाले आणि कंपनी देशी आहे की नाही यावरच वादळ उठले. माल तोच, कामगार तेच. फक्त मालकाच्या कागदपत्रांमुळे वस्तूची जात बदलली.

आपल्याकडील काजूलाही हे प्रश्न विचारून पाहावेत. झाड ब्राझीलचे, आणले पोर्तुगिजांनी, नावही त्यांच्याकडूनच आले; आज कोकणातील काही प्रक्रिया-कारखाने आफ्रिकेतून कच्ची बी आणून फोडतात आणि गर ‘कोकणचा काजू’ म्हणून विकला जातो. ज्या घरातील बाई त्या कारखान्यात दिवसभर काजू सोलते, तिच्या दृष्टीने श्रमाचा रकाना इतर तिन्हींपेक्षा मोठा असतो, हे वस्तूजवळ ठेवायच्या कार्डावर अवश्य नोंदवावे.

सूत आणि मीठ : आपल्याकडून चीनकडे जाणारे दोन धागे

तुलना करताना दोन देश शेजारी ठेवून साम्ये मोजत बसू नये, त्यांच्यातील प्रत्यक्ष संबंध शोधावेत. कोकणासाठी असा पहिला संबंध सुताचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे जाडेभरडे सूत फार मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे आणि त्या गिरण्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले असंख्य लोक राबत होते. आपल्या पणजोबांनी गिरणगावात कातलेल्या सुताचे कापड चिनी खेड्यांतील हातमागांवर विणले गेले. चिनी भाषेत परदेशी वस्तूच्या नावापुढे ‘यांग’ लावीत. त्याचा मूळ अर्थ समुद्र असा आहे. काडेपेटी म्हणजे ‘समुद्रापलीकडचा विस्तव’, रॉकेल म्हणजे ‘समुद्रापलीकडचे तेल’, तसे हे सूत ‘समुद्रापलीकडचे सूत’ ठरले. पुढे जपानी गिरण्यांनी आणि चीनमधल्याच गिरण्यांनी मुंबईच्या सुताला तिथून हुसकावले. स्वतः पारतंत्र्यात असलेला कोकणी कामगार चिनी विणकराच्या लेखी ‘विलायती माला’चा उत्पादक होता, हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. देशीपणा वस्तूत नसतो, पाहणारा कुठे उभा आहे त्यावर तो ठरतो, हे त्यांना व्याख्यानापेक्षा या एका वाक्यातून लवकर समजते.

शब्दांची यादीही याच टप्प्यावर करावी. ‘विलायती’ लागलेले शब्द, ‘चिनी मातीची बरणी’, ‘हापूस’ या नावात दडलेला पोर्तुगीज अफोंसो, गावातील वृद्धांच्या तोंडचे ‘घासलेट’ हे सर्व वेगळ्या पानावर घ्यावे. मात्र व्युत्पत्ती खात्रीची नसेल तर लिहू नये. ऐकीव व्युत्पत्तींनी चांगल्या प्रकल्पांची वाट लागलेली मी पाहिली आहे.

दुसरा धागा मिठाचा. मे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, ही हकीकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तिच्या शेजारी हे मांडावे : 1913 साली चीनच्या नव्या प्रजासत्ताकाने परदेशी बँकांकडून अडीच कोटी पौंडांचे कर्ज घेतले आणि तारण म्हणून मिठाचे उत्पन्न लावून दिले. त्या उत्पन्नावर देखरेख करण्यासाठी जे परदेशी अधिकारी नेमले त्यांचे प्रमुख होते सर रिचर्ड डेन, ब्रिटिश हिंदुस्थानातील मीठ आणि अबकारी खात्याचे माजी महानिरीक्षक. म्हणजे आपल्याकडे मिठावर कर बसवण्याचे जे तंत्र घोटले गेले, तेच चीनमध्ये नेले गेले. ज्या देशाची जकात आणि मीठ दोन्ही दुसऱ्याच्या हिशेबवहीत आहेत, तिथे लोकांना आपले राष्ट्र दुकानाच्या फळीवर शोधावे लागले, यात नवल नाही.

माहिती विचारताना

वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, कसे विचारावे हे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. चीनमध्ये 1933 हे देशी मालाचे वर्ष आणि 1934 हे स्त्रियांचे देशी मालाचे वर्ष म्हणून पाळले गेले. घराची खरेदी बाई करते, म्हणून राष्ट्र वाचवण्याची जबाबदारीही तिचीच, असा त्यामागचा विचार होता. परदेशी अत्तर-पावडर वापरणाऱ्या शहरी तरुणीवर जाहीर टीका झाली. परदेशी सूट आणि सिगारेट वापरणाऱ्या पुरुषांना तेवढे बोल लावले गेले नाहीत. आपल्याकडील स्वदेशीतही परदेशी साखर आणि काचेच्या बांगड्या सोडण्याच्या शपथा बायकांकडून घेतल्या गेल्या. त्यामुळे प्रश्न विचारताना ‘आजी, तुम्ही स्वदेशी वापरत होता का?’ असे विचारू नये; त्या प्रश्नात आरोप लपलेला असतो आणि आजी आपल्याला हवे ते उत्तर देऊन मोकळ्या होतात. ‘तुमच्या लग्नात बांगड्या कोणी भरल्या? कासार कुठून येत असे? पैसे कोण देत असे?’ असे विचारावे. आमच्या गावातील नव्वदीच्या एका आजींनी दिलेले उत्तर मी शब्दशः नोंदवून ठेवले आहे : ‘‘आमका काय ठावक, खयची ती? फुटना नाय ती बरी.’’ हे उत्तर अज्ञानाचे नाही. टिकाऊपणा हाच ज्या घराचा निकष होता, त्या घरापर्यंत राष्ट्राचा निकष कधी आणि कोणामार्फत पोहोचला, हे शोधण्याचे काम त्या उत्तराने आमच्यापुढे ठेवले.

गरिबीचा रकाना विसरू नये. बहिष्काराच्या दिवसांत जपानी माल बव्हंशी स्वस्त होता आणि चिनी माल पुष्कळदा महाग. काही ठिकाणी देशी मालाने खरी बाजी मारली. ‘तीन मित्र’ नावाच्या शांघायच्या कंपनीचे त्रिकोण छापाचे टॉवेल जपानी टॉवेलांना हटवू शकले, आणि जानेवारी 1932 मध्ये जपानी जमावाने त्याच कंपनीच्या आवारात जाळपोळ केली. त्यानंतर काही दिवसांतच शांघायमध्ये युद्ध भडकले. परंतु अनेक वेळा लाट ओसरली की जपानी आयात पुन्हा पूर्वपदावर येत असे. व्यापारी जपानी मालावर देशी शिक्का मारून विकत, तपासणी करणारी पथके दुकानांत शिरत, माल जप्त होई, दुकानदाराला ‘देशद्रोही व्यापारी’ म्हणून चारचौघांत उभे केले जाई आणि धमक्यांची पत्रे येत. हा भाग शेवटी भरवायच्या प्रदर्शनातून गाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या गावातील एखाद्या दुकानदाराच्या घराण्याकडे अशी आठवण निघाली तर ती घ्यावी, मात्र नाव त्यांच्या संमतीशिवाय लिहू नये.

चळवळीने फक्त मोडले नाही, उभेही केले. या बाजूसाठी 1929 साली हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी भरलेले भव्य प्रदर्शन, किंवा 1915 साली शांघायमध्ये देशरक्षणासाठी सुरू झालेला लोकांच्या बचतीचा निधी घ्यावा. आपल्याकडे त्याच्या शेजारी अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड ठेवता येतो. माणशी एक पैसा गोळा करून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढे ओगलेवाडीला तयार झालेला प्रभाकर कंदील कोकणातील माळ्यांवर अजूनही सापडतो. तो सापडला तर पुसून, काच न काढता, तसाच मांडावा.

आजच्या काळापर्यंत यायचे तर थोडक्यात यावे. 2008 साली ऑलिंपिक ज्योतीला पॅरिसमध्ये अडथळा झाल्यावर चीनमध्ये एका फ्रेंच दुकानसाखळीवर बहिष्काराची हाक उठली. 2021 साली चीनच्या शिनच्यांग प्रांतातील कापसाच्या वादावरून परदेशी कपड्यांच्या कंपन्यांवर तशीच हाक उठली. 2017 पासून 10 मे हा दिवस तिथे चिनी ब्रँडचा दिवस म्हणून साजरा होतो. आपल्याकडे जून 2020 मधील गलवानच्या चकमकीनंतर 59 चिनी ॲपवर बंदी आली आणि त्या वर्षी गणपतीच्या आराशीसाठी चिनी माळा घ्याव्यात की नाही, यावर आमच्या वाडीत रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. ती चर्चा आम्ही लिहून ठेवली आहे. माळ चिनी, ती विकणारा आपला, मखरावरची माटवी रानातल्या फळांची : या तिन्हींना चार प्रश्न लावण्याचे काम नववीच्या मुलांनी फार मन लावून केले.

मांडणी

वस्तू मे महिन्यात गोळा कराव्यात, कारण तेव्हा माळे उघडतात. प्रदर्शन गौरीविसर्जनानंतर दोन दिवस ठेवावे, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात आणि गिरणगावच्या आठवणी सांगणारे लोक आपोआप वाचनालयात येतात. प्रत्येक वस्तूजवळ पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चार रकाने, वर्षे आणि माहिती कोणाकडून मिळाली ते लिहावे. जे कळले नाही तो रकाना कोरा ठेवावा आणि शेजारी पेन्सिल बांधून ठेवावी. आमच्याकडे सर्वांत मोलाची माहिती पाहुण्यांनी त्या कोऱ्या रकान्यांतच लिहिली. जुनी मासिके आणि वृत्तपत्रे यांतील जाहिराती पाहायच्या असतील तर 1828 साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थांत आधी पत्र पाठवून, वेळ ठरवून जावे. जाहिरातीचे छायाचित्र घेताना त्याच पानावरील इतर जाहिरातीही टिपाव्यात, कारण देशी साबणाच्या शेजारी कोणत्या परदेशी औषधाची जाहिरात छापली होती, हे पुढे कधीतरी लागतेच.

वस्तू परत करताना तिच्या कार्डाची एक प्रत त्या घरी द्यावी, दुसरी वाचनालयाच्या नोंदवहीत चिकटवावी, आणि ज्यांनी कौल दिले त्यांना ते पुढच्या शाकारणीपूर्वी पोहोचेल याची काळजी घ्यावी.